परका राजा, एतद्देशीय प्रजा आणि पटावरचा एकच रंग

प्राचीन इतिहासावर बेतलेल्या डावपेचांच्या खेळांविषयी या सदराकडे अधूनमधून पत्रे येत असतात. या वेळच्या पाच पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर आहे. राजा एका वंशाचा आणि प्रजा दुसऱ्या, अशी राज्ये हे खेळ कशी दाखवतात, हा तो विषय. म्हणून ती पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : ‘रोम : टोटल वॉर’ हा २००४ सालचा खेळ माझ्या मोठ्या भावाच्या संगणकावर अजून आहे. त्यात इसवी सनपूर्व २७० मध्ये इजिप्तचे सैन्य रथांतून येते आणि सगळा थाट जुन्या फेरोंचा असतो. आमचे इतिहासाचे सर म्हणाले की, तेव्हा तेथे ग्रीक बोलणारे राजे होते. मग खेळ बनवणाऱ्यांकडून एवढी मोठी चूक कशी झाली? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सातारा)

उत्तर : सरांचे म्हणणे बरोबर आहे. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. ३२३ मध्ये, त्याचा सेनापती टॉलेमी याच्या वाट्याला इजिप्त आला. पुढे त्याने राजपद धारण केले आणि क्लिओपात्राच्या अंतापर्यंत, म्हणजे इ. स. पू. ३० पर्यंत, हाच मॅसिडोनियन वंश तेथे राज्य करीत राहिला. आपल्या खेळाच्या आरंभवर्षी गादीवर दुसरा टॉलेमी होता. त्याच्या सैन्याचा कणा म्हणजे लांब भाले घेऊन एकमेकांना खेटून उभी राहणारी मॅसिडोनियन पायदळाची फळी. रथांचे म्हणाल, तर दुसऱ्या रामसेसने कादेशच्या लढाईत रथ घातले ते इ. स. पू. १२७४ च्या सुमारास. शिवकाळावरच्या खेळात बदामीच्या दुसऱ्या पुलकेशीचे सैन्य उतरवावे, तसा हा प्रकार झाला.

मात्र ही चूक केवळ अज्ञानातून झाली असावी असे मला वाटत नाही. त्या नकाशावर मॅसिडोनिया आहे, ग्रीक नगरे आहेत, अलेक्झांडरचा आणखी एक सेनापती सेल्युकस याचे साम्राज्य आहे. इजिप्तही खरेखुरे दाखवले, तर भाल्यांची तशीच चौथी फळी उभी राहणार आणि खेळणाऱ्याला नवे काही मिळाले असे वाटणार नाही. तेव्हा सोयीसाठी राजाचा वंश पुसून टाकून देशाचे चित्रांतले जुने रूप सैन्याला चढवले गेले. पुढे हौशी अभ्यासकांच्या एका गटाने ‘युरोपा बार्बरोरम’ हा मॉड (मूळ खेळात बदल करून बनवलेली आवृत्ती) तयार करून त्याच खेळात टॉलेमींना त्यांच्या ग्रीक नावाने आणि खऱ्या शस्त्रांनिशी बसवले, हे येथे नोंदवले पाहिजे.

पण येथे थांबलो तर आपणही एका चुकीतून निघून दुसरीत पडू. टॉलेमी राजे फेरोंचा मुकुट घालत होते, फक्त तो प्रजेपैकी विशिष्ट लोकांसमोर आणि विशिष्ट जागी दिसत असे. एड्फू येथील होरसच्या मंदिराचे काम तिसऱ्या टॉलेमीने इ. स. पू. २३७ मध्ये सुरू केले आणि ते इ. स. पू. ५७ पर्यंत चालले. त्या मंदिराच्या भिंतींवरचा टॉलेमी वंशातला राजा रामसेसच्या वळणाचाच आहे. अलेक्झांड्रियात पाडलेल्या नाण्यांवर मात्र तोच राजवंश ग्रीक चेहऱ्यामोहऱ्याने दिसतो. इ. स. पू. १९६ चा रोझेटाचा शिलालेख तर मेंफिस येथे जमलेल्या पुरोहितांचा एकच ठराव चित्रलिपी, डेमोटिक (रोजच्या व्यवहारातली इजिप्शियन लिपी) आणि ग्रीक अशा तिन्ही रूपांत देतो. परक्या राजाला देशी प्रजेवर राज्य करायचे तर एका तोंडाने बोलून भागत नाही. आणि खेळाच्या पटावर त्याला नेमके एकच तोंड दिलेले असते.

आपल्याला लढाया आवडतात असे पत्रावरून दिसते, म्हणून राफियाची लढाई जरूर पाहा. इ. स. पू. २१७ मध्ये चौथ्या टॉलेमीवर सेल्युकिड राजा तिसरा अँटिओकस चालून आला, तेव्हा ग्रीक आणि भाडोत्री सैनिक पुरेनात, म्हणून राजाच्या मंत्र्यांनी वीस हजार इजिप्शियन लोकांना मॅसिडोनियन पद्धतीची शस्त्रे देऊन फळीत उभे केले. लढाई जिंकली गेली. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराचा अभिप्राय असा, की हा निर्णय त्या वेळेपुरता योग्य होता, पण पुढच्या दृष्टीने घातक ठरला. हाती शस्त्र आलेली प्रजा विजयाने फुलून गेली आणि आपल्यातलाच पुढारी शोधू लागली. पुढे इ. स. पू. २०५ च्या सुमारास वरचा इजिप्त फुटला आणि थीब्जच्या परिसरात सुमारे वीस वर्षे, इ. स. पू. १८६ पर्यंत, एकामागून एक दोन देशी फेरोंनी राज्य केले. एखाद्या खेळाने रथांऐवजी ही कोंडी खेळणाऱ्यापुढे ठेवली असती, तर नवेपणासाठी त्याला दुसरे काही शोधावे लागले नसते.

प्रश्न : ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेच्या सहाव्या भागात इजिप्तची नेता क्लिओपात्रा आहे. ती ग्रीक वंशाची असेल, तर ही निवड चुकीची म्हणायची का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : चुकीची म्हणता येणार नाही. वीसबावीस वर्षे ती इजिप्तची राणी होती, आणि प्लुटार्कने तिच्याविषयी लिहिताना तिला अवगत असलेल्या अनेक भाषांचा उल्लेख करून, तिच्या आधीच्या राजांनी इजिप्शियन भाषा शिकण्याचेही कष्ट घेतले नव्हते, असा टोला मारला आहे. अडीचशे वर्षांहून अधिक काळ एका देशावर राज्य करणाऱ्या घराण्याविषयीचे हे वाक्य आहे! खटकते ती निवडीपेक्षा मांडणी. तिच्या दरबाराची भाषा आणि नाईलकाठच्या शेतकऱ्याची भाषा यांतले अंतर त्या खेळात कोठेही जाणवत नाही.

२०२५ साली आलेल्या सातव्या भागात नेता आणि संस्कृती यांची निवड स्वतंत्र केली आहे. अशोकाला मौर्यांऐवजी रोमच्या गादीवर बसवता येते. वरवर पाहता हा आपल्या प्रश्नावरचा तोडगा वाटतो, पण माझ्या मते त्यातून अडचण दुसऱ्या टोकाला गेली आहे. राजा कोठेही बसू शकतो आणि त्याचे परकेपण कोणालाच जाणवत नाही, असे झाले की परकेपणाला काही किंमतच उरत नाही.

प्रश्न : मी नाशिकची आहे. मुलगा संगणकावर रोमन आणि ग्रीक राज्ये खेळतो, तेव्हा मनात येते की, आपल्या पांडवलेण्यांतले नहपान आणि गौतमीपुत्र अशा खेळात आले तर? आणि आलेच, तर नहपानाला परका म्हणून दाखवायचे की आपला म्हणून? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, आपल्या घराजवळच्या डोंगरात या विषयाचा जेवढा सलग पुरावा कोरलेला आहे, तेवढा फार थोड्या ठिकाणी सापडेल. म्हणून या उत्तराला जरा जास्त जागा घेतो.

नहपान क्षहरात कुळातला, शक क्षत्रप, म्हणजे प्रांताधिपती. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर त्याचा चेहरा आहे आणि भोवती ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिप्या आहेत. मौज अशी की, ग्रीक लिपीतला मजकूरही ग्रीक भाषेत नाही, तो प्राकृतच आहे. लिपी ग्रीकांची, भाषा इथली आणि राजा शक! खेळातल्या ‘संस्कृती’ नावाच्या रकान्यात येथे काय भरणार?

त्याचा जावई उषवदात हा दीनिकाचा पुत्र. एका लेखात त्याने स्वतःला शक म्हटले आहे, आणि नहपानाची मुलगी दक्षमित्रा ही त्याची पत्नी. त्याच्या नाशिकच्या लेखात जे सांगितले आहे ते वाचून परका कोणाला म्हणायचे, असा प्रश्न पडतो. तीन लाख गाईंचे दान, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावे, वर्षाकाठी लाख ब्राह्मणांना भोजन. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे धर्मशाळा. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि डहाणुका या नद्यांवर फुकट नावा. आकडे स्तुतीचे आहेत, ते अर्थातच जसेच्या तसे घेऊ नयेत. पण कोणत्या पुण्याची बढाई मारली म्हणजे येथील लोकांत मान वाढतो, हे त्या शक माणसाला नेमके ठाऊक होते, एवढे त्यावरून निश्चित कळते. त्रिरश्मी डोंगरातले (हाच पांडवलेण्यांचा डोंगर) लेणे त्याने बौद्ध भिक्षूंना दिले आणि त्यांच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत, अशी व्यवस्था होती. म्हणजे राजवंश परका, भिक्षुसंघ येथला, पैसा स्थानिक विणकरांच्या हाती, आणि ही तिन्ही चाके एकमेकांत अडकलेली.

आता गौतमीपुत्र सातकर्णी. त्याची आई बलश्री हिच्या लेखात, जो तिचा नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी कोरला गेला, मुलाचे वर्णन ‘शक, यवन आणि पल्हव यांचा नाश करणारा’, ‘क्षहरातांचा वंश निरवशेष करणारा’ असे येते. खेळाचा लेखक येथेच थांबेल आणि पडद्यावर विजयाचे चित्र झळकवील. पण त्याच लेण्यातले गौतमीपुत्राचे राज्याच्या अठराव्या वर्षाचे आज्ञापत्र वाचा. विजयी सैन्याच्या तळावरून तो गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला कळवतो की, आजवर उषवदाताकडे असलेले दोनशे निवर्तनांचे (निवर्तन हे जमिनीचे जुने माप) शेत त्रिरश्मीवर राहणाऱ्या भिक्षूंना द्यावे. वंश निरवशेष झाला, पण डोंगरातल्या भिक्षूंना दान देण्याचा परिपाठ मोडला नाही.

नाण्यांचेही तसेच. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला. त्यातल्या सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला आहे. चांदी वितळवून नवी नाणी पाडायला वेळ आणि पैसा लागतो, जुन्या राजाच्या चेहऱ्यावर आपली खूण ठोकणे सोपे. खेळात प्रदेश जिंकला की तेथला रंग एका क्षणात बदलतो. येथे तो बदल एकेका नाण्यावर ठोका मारून झाला.

आणखी एक गुंता आहे, आणि मला तो सर्वांत जास्त आवडतो. पुढच्या शक घराण्यातला, कार्दमक कुळातला रुद्रदामन याचा जुनागढचा लेख इ. स. १५० चा असून तो चांगल्या लांबलचक संस्कृत गद्यात आहे, तर येथले सातवाहन आपले लेख प्राकृतात कोरत होते. त्या लेखात रुद्रदामन म्हणतो की, दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला मी दोनदा हरवले, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही. आणि कान्हेरीच्या एका पाणपोढीवरच्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची मुलगी असा आहे. बलश्री आजीने शकांचा नाश आणि वर्णसंकराला आळा या दोन्ही गोष्टी अभिमानाने कोरवून घेतल्या, आणि थोड्याच काळात त्याच घरात शक सून आली.

म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की, मुलाने असा खेळ कधी बनवलाच, तर नहपानाच्या नावापुढे ‘परका’ किंवा ‘आपला’ यांपैकी एक शिक्का मारू नये. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या यवनांनी, म्हणजे ग्रीक वा तत्सम परक्यांनी, दिलेले खांब एकदा त्याला दाखवून आणा. ते यवन होते, दान बौद्ध संघाला होते, आणि नावे सिंहध्वज आणि धर्म अशा वळणाची आहेत.

प्रश्न : आपले लेख वाचून असे वाटते की, आक्रमक राजांना आपण जरा जास्तच मऊपणाने घेता. दाने दिली म्हणून आक्रमण विसरायचे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : विसरायचे नाही. आणि देशी प्रजेचा राग तेव्हाच्या साहित्यात उतरलेला आहे, तो खेळांत का उतरत नाही, हीच माझी तक्रार आहे. इजिप्तमध्ये ‘कुंभाराची भविष्यवाणी’ नावाने ओळखले जाणारे एक लिखाण होते. त्यात परक्या सत्ताधाऱ्यांचा आपसांत नाश होईल आणि समुद्रकाठचे ते नगर, म्हणजे अलेक्झांड्रिया, कोळ्यांनी जाळी वाळत घालायची जागा होईल, असे भाकीत आहे. गंमत म्हणजे ग्रीकांच्या नाशाची इच्छा करणारा हा मजकूर आपल्यापर्यंत ग्रीक भाषेतच पोहोचला आहे. बलश्रीच्या लेखातला ‘निरवशेष’ हा शब्दही मवाळ नाही. उषवदातानेही केवळ दानेच दिली असे नाही. पावसाळ्यात मालय लोकांनी वेढलेल्या उत्तमभद्र लोकांना सोडवण्यासाठी केलेल्या स्वारीचे वर्णन त्याच्या नाशिकच्या लेखातच आहे. माझा आक्षेप एवढाच की, बहुतेक खेळांत प्रजेचा राग म्हणजे शहराच्या नावाशेजारी दिसणारी एक लाल संख्या असते, जी एखादे मंदिर किंवा स्नानगृह बांधले की खाली येते. त्या रागाला भाषा नाही, पुढारी नाही, आणि राफियानंतर होते तसे शस्त्रही नाही.

प्रश्न : आम्ही चार मित्र सातवाहन आणि क्षत्रप यांच्यावर एक साधा पटावरचा खेळ तयार करीत आहोत. परका राजा आणि देशी प्रजा हे नाते नियमांत कसे आणावे? असा कोणता संगणकीय खेळ पाहण्यासारखा आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : एक खेळ अवश्य पाहा. २०१९ सालचा ‘इम्पेरेटर : रोम’. तो इ. स. पू. ३०४ पासून सुरू होतो, जेव्हा अलेक्झांडरचे सेनापती राजे होऊन बसले होते आणि सेल्युकस व चंद्रगुप्त यांच्या तहाचा काळही जवळचा. त्यात प्रत्येक नगरातली लोकसंख्या लहान लहान एककांत विभागलेली असते आणि प्रत्येक एककाला स्वतःची संस्कृती आणि धर्म असतो, मग वर राजा कोणीही असो. २०२० साली त्यात संस्कृतीचे नियम नव्याने लिहिले गेले आणि त्या सुधारणेला मिनँडर या वायव्य भारतातल्या ग्रीक राजाचे नाव दिले गेले. त्यानंतर जिंकलेल्या लोकांपैकी कोणाला नागरिकत्वाचे हक्क द्यायचे हे खेळणाऱ्याला ठरवावे लागते, आणि ते दिले की राजाच्या स्वतःच्या लोकांचा रोष पत्करावा लागतो. पुढच्या मोठ्या सुधारणेनंतर सैन्याची भरतीही हक्क दिलेल्या लोकांतूनच होऊ लागली. चौथ्या टॉलेमीपुढे होता तो पेच बऱ्याच अंशी येथे अनुभवता येतो.

त्यातही एक उणीव राहिली आहे. दुसऱ्या संस्कृतीच्या लोकांना हळूहळू राजाच्या संस्कृतीत ओढून घेण्याचे साधन तेथे आहे, पण राजानेच प्रजेकडे सरकावे अशी वाट फार अरुंद आहे. ज्याचे नाव सुधारणेला दिले त्या मिनँडरच्या नाण्यांच्या एका बाजूला ग्रीक मजकूर आहे आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’ असे प्राकृत आहे. बौद्ध परंपरेत तो मिलिंद झाला. सरकला कोण, प्रजा की राजा?

तुमच्या खेळासाठी सुचवतो ते असे. राजघराणे आणि प्रदेश यांची पाने वेगळी ठेवा. घराणे हरले तरी प्रदेशाच्या पानावरच्या श्रेणी, लेणी आणि देवस्थाने तशीच राहू द्या, आणि नव्या राजाला त्यांच्याशी पुन्हा व्यवहार करायला लावा. राजाने कोणत्या समूहापुढे कोणते रूप घ्यायचे हे प्रत्येक डावात गुपचूप निवडायला लावले तर अधिक मजा येईल, कारण ब्राह्मणांना गावे दिली की तेवढे द्रव्य संघासाठी उरत नाही. न्यायासाठी इजिप्तमधला इ. स. पू. ११८ चा नियम वापरून पाहायला हरकत नाही : करार ज्या भाषेत लिहिला असेल, त्या भाषेच्या न्यायाधीशांपुढे तंटा जाईल. खेळणाऱ्याला मग कोणत्या भाषेत करार करायचा याचाही विचार करावा लागतो. लग्नसंबंधाचे पान विसरू नका. रुद्रदामनाने हरवलेल्या शत्रूला नात्यासाठी सोडून दिले, तसे कधी तरी खेळणाऱ्यालाही करावे लागले पाहिजे.

पैशांसाठी पुठ्ठ्याच्या चकत्या कापणार असाल, तर जिंकलेल्या चकत्या बदलून न देता त्यांच्यावरच नव्या राजाचा छोटा कागद चिकटवण्याचा नियम करा. कागद जरा लहान कापा, म्हणजे खालचा चेहरा कडेने दिसत राहील. जोगळटेंभीच्या पुष्कळ नाण्यांवर नहपान तसाच दिसतो.